शेजारच्या बंबाची ऊब

पौष लागला की विमल जगदाळे रोज सकाळी परक्या बंबाला पाठ शेकत बसायची, आणि पाठ शेकता शेकता त्या बंबाच्या मालकिणीला मनातल्या मनात शिव्या द्यायची. दोन्ही कामं एकाच वेळी उरकायची. सकाळच्या घाईत बाईमाणसाला दुसरी सवड कुठली मिळणार?

घर एक आणि बिऱ्हाडं दोन, असा प्रकार होता. बराकपूर स्टेशनापासून दोन मैल आत, बांबूच्या बेटांत आणि डबक्यांत अडकलेल्या एका खेड्यात श्यामसुंदरबाबूंचं हे लांबोडकं कौलारू घर. वीज नाही, नळ नाही, गटार नाही. प्यायला हापशाचं पाणी आणि बाकी सगळ्याला घरापुढचं तळं. त्या तळ्याला तिकडं पुकुर म्हणतात. बाबूंनी घराच्या मधोमध एका विटेची भिंत घातली आणि दोन भाडेकरू ठेवले. योगायोग असा, की दोन्ही मराठी.

पश्चिमेच्या अंगाला विमल. नवरा श्यामराव बराकपूरच्या लष्करी कोठारात कारकून. दोघं कऱ्हाडच्या खालच्या अंगाची, कृष्णेच्या कालव्यावरची, मातीत वाढलेली. पूर्वेच्या अंगाला वृंदावहिनी. त्यांचे यजमान भालचंद्रपंत बराकपूरच्या शाळेत गणित शिकवत. ही मंडळी बागबाजारची. तीन पिढ्या कलकत्त्यात काढलेली, घरात मराठी बोलायची आणि उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की बंगाली.

भिंतीच्या पलीकडे वृंदावहिनींची मोरी, आणि मोरीत भिंतीला खेटून तो तांब्याचा बंब. सकाळी त्यात नारळाच्या करवंट्या आणि कोळसा पडला की घटकाभरात इकडची भिंत कोमट व्हायची. थंडी तिकडची म्हणजे दमट. हाडात शिरते आणि मुक्कामाला राहते. विमल चहाची कपबशी घेऊन त्या भिंतीला टेकायची.

"वल्या लाकडावानी काय धुमसतीस सकाळच्याला?" श्यामरावांनी विचारलं.

"आज बी दोनदा भरला बंब तिनं. माणसं दोन, आन् पाणी म्हशी धुवाया लागंल येवढं."

"तुला कसं कळलं दोनदा?"

"भित्ताड अजून गरम हाय."

श्यामरावांनी उठून भिंतीला हात लावला. "मग बरंच हाय की. फुकटची ऊब. तू बी घे, म्या बी घेतो."

"घ्या. दुसऱ्याच्या उबंवर जगा," असं म्हणून विमल ताडकन उठली. पण उठताना पाठ गार पडली, म्हणून परत बसली.

आता खरी गोम ऐका. ती पूर्वेची बाजू, ती सिमेंटची मोरी, तो सांडपाण्याचा विटांनी बांधलेला शोषखड्डा, हे सगळं आधी विमललाच मिळत होतं. सव्वा वर्षापूर्वी ती आली तेव्हा दोन्ही बाजू मोकळ्या होत्या. बाबूंनी आधी पूर्वेची दाखवली. पावसाळा नुकताच सरला होता, खड्डा तुडुंब होता, त्यावर डासांचं मोहोळ. कालव्यावर वाढलेल्या पोरीला पाण्याचं शहाणपण कुणी शिकवायला लागत नाही. दाराशी डबकं म्हणजे घरात हिवताप, हे ती आईच्या मांडीवर शिकली होती. तिनं पदर नाकाला लावला, बाबूंसमोर हात हलवला, "ह्ये नगं," म्हणाली आणि पश्चिमेची बाजू पसंत केली. इकडे मोरी नव्हतीच. मागच्या दाराबाहेर एक फरशी आणि तिच्यावरून अंगणात उतरणारा ओघळ.

पंधरा दिवसांनी वृंदावहिनी आल्या. खड्ड्याचं पाणी तोवर जिरलं होतं. त्यांनी बागबाजारहून बंब आणला, अळवाचे कांदे आणले, केळीची दोन रोपटी आणली आणि खड्ड्याच्या कडेनं लावली. सांडपाण्यावर अळू आणि केळ लावायची ही आपली रीत. तीन पिढ्या कलकत्त्यात काढल्या तरी ती त्यांच्यात टिकली होती. वर्षभरात अळवाची पानं सुपाएवढी झाली. केळीला घड लागला. विमलच्या परसात मात्र ओघळ सगळीकडे पसरायचा आणि कुठंच मुरायचा नाही, त्यामुळे तिची वांगी गुडघ्याच्या वर गेली नाहीत.

दर सोमवारी वहिनी अळवाची पाच पानं आणून द्यायच्या. "घ्या विमलताई, वड्या करा." विमल पानं घ्यायची, वड्या करायची, वड्या झकास व्हायच्या. श्यामराव बोटं चाटत खायचे. आणि प्रत्येक वडीला विमलच्या पोटात दुखायचं. आपण नाक मुरडून टाकलेलं घर दुसरीच्या हातात सोन्याचं झालं, हे दुखणं कुठल्या वैद्याला दाखवणार?

तेवढ्यात बाबू आले.

त्या सकाळी विमल अंगणात गोवऱ्या उलट्या करत होती. श्यामसुंदरबाबू आधी पूर्वेच्या दाराशी थांबले. म्हातारा माणूस, शाल डोक्यावरून घेतलेली, नाकाला रुमाल. वृंदावहिनींशी बंगालीत दोन-चार वाक्यं बोलले. वहिनी काहीतरी म्हणाल्या. आणि बोलता बोलता त्यांचा हात उठला, तो विमलच्या फरशीकडे. विमलनं ते नीट पाहिलं.

मग बाबू इकडे आले. श्यामराव कामावर निघायच्या तयारीत होते. बाबू त्यांच्याशी आपल्या हिंदीत बोलले.

"जगदालेबाबू, पुकुर का घाट पर गंदा पानी का गंध आता है. पौष संक्रांति में बेटी का ससुराल का लोग आएगा, घाट पर स्नान करेगा. उसके पहले पानी का बंदोबस्त नहीं हुआ तो घर छोड़ देना होगा."

श्यामराव हात जोडून "जी, जी" करत राहिले. विमलला हिंदी जेमतेम समजे, पण घर सोडायचं हे तिला बरोबर कळलं.

"आवं, त्यास्नी सांगा. आपलं पानी घाटापातूर जातच न्हाई. चिंचंच्या अलीकडंच जिरतंय. म्या रोज बघती."

श्यामरावांनी सांगितलं. बाबूंनी मान हलवली आणि फरशीकडे पाहिलं. फरशीखाली ओली माती होती, खरकट्याची चार शितं होती, एक कावळा होता. पुरावा म्हणून तेवढं पुष्कळ झालं. बाबू काठी टेकत निघून गेले.

घर मिळणं तेव्हा किती अवघड होतं ते सांगून कळायचं नाही. फाळणी होऊन चार वर्षं झाली होती, तरी पूर्व बंगालातनं माणसं येतच होती. फलाटावर चुली मांडून बसली होती. बाबूंच्या दाराशी दर चार दिवसांनी कुणीतरी जागेची चौकशी करत उभं असायचं. हे घर सुटलं तर दुसरं नाही, हे उघड होतं.

"सोय न्हाई झाली तर तुला गावी धाडतो," त्या संध्याकाळी श्यामराव खाली बघून म्हणाले. "म्या बराकीत ऱ्हाईन. दुसरं काय करनार?"

गावी म्हणजे थोरल्या जावेच्या हाताखाली. लग्नानंतर चार वर्षं तिनं त्या घरात भाकरी थापल्या, पण चूल तिची कधी नव्हती. मीठ किती टाकायचं तेही विचारून. कालवणाची चव बघायची ती जावेनं, विमलनं नाही. इथं आल्यावर पहिल्या दिवशी तिनं स्वतःच्या हातानं तीन विटांची चूल मांडली होती आणि एकटीच तिच्यासमोर बसून रडली होती. ती चूल आता जायची होती. आणि का, तर शेजारणीनं बोट दाखवलं म्हणून.

संक्रांतीला आठ दिवस उरले होते. विमलनं फरशीवर पाणी सांडणं बंद केलं. भांड्यांचं पाणी, अंघोळीचं पाणी, सगळं बादल्यांतून उचलून बांबूच्या बेटामागं नेऊन ओतायची. चाळीस पावलं जायचं, चाळीस यायचं. दुसऱ्या दिवशी तिचे खांदे भरून आले. आणि प्रत्येक खेपेला वाटेत वृंदावहिनींची ती सुपाएवढी पानं. तिकडं बंबाचं पाणी धो धो मोरीत पडायचं, मोरीतनं खड्ड्यात जायचं, कुणाला बोट उचलायला नको.

"तिला घर सोडा म्हनलं का कुनी?" ती श्यामरावांना म्हणाली. "तिला कशाला म्हनतील? ती बंगालीत ग्वाड ग्वाड बोलती. माज्या तोंडात भाषा न्हाई म्हून माजं पानी घाण."

"आगं, तिच्याकडं खड्डा हाय. आपल्याकडं न्हाई."

"खड्डा माजा हुता," विमल म्हणाली.

मंगळवारी वृंदावहिनी आणि भालचंद्रपंत सकाळच्या गाडीनं बागबाजारला गेले, कुणा नातलगाच्या बारशाला. सांजेला परत येणार होते. जाताना वहिनींनी कडी लावली आणि हाक मारून सांगितलं, "विमलताई, जरा लक्ष असू द्या हं घराकडे." विमल "व्हय" म्हणाली. लक्ष तर तिचं वर्षभर त्या घराकडेच होतं, ते काही सांगायला नको होतं.

दुपारी खेडं आडवं झालं. विमलनं कुदळ घेतली, पदर खोचला आणि अळवाच्या मागं गेली.

मनात काय होतं ते लपवून ठेवत नाही. खड्ड्याची पुकुराकडची कड फोडायची, एवढंच. काळं पाणी घाटावर गेलं पाहिजे. संक्रांतीच्या आत बाबूंच्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे, की घाण कुणाची. आपण गावी गेलो तर तीही बागबाजारला जाऊ दे. बंब घेऊन जाऊ दे, केळीचा घड घेऊन जाऊ दे.

तिनं अळवाची पानं बाजूला सारली आणि थबकली. खड्डा काठोकाठ भरला होता. वर राखेची करडी साय धरली होती. काठाच्या एका बाजूनं पाणी हळूच पाझरत होतं आणि गवताखालून थेट घाटाच्या दिशेनं जात होतं. विमलनं काठी घालून तळ ढवळला. राख, नुसती राख. वर्षभराची. बंबाची राख या बाईनं मोरीतच ओतली होती. बागबाजारच्या गटारानं जे मुकाट्यानं वाहून नेलं असतं ते इथं विटांच्या फटींत बसलं, आणि खड्ड्याचा घसा बंद झाला.

"म्हंजी वास हिच्या पान्याचा," विमल स्वतःशीच मोठ्यानं म्हणाली. "आन् बोट माज्याकडं."

मग काय विचारता. अंगाचा तिळपापड झाला. तिनं कुदळ उचलली आणि कडेवर घातली. दहा घावांत विटा निसटल्या. काळं पाणी भसकन बाहेर आलं, वळवळलं आणि उताराला लागलं. घाटाकडे निघालं.

ती बघत उभी राहिली. मनासारखं झालं होतं. पण पाणी पसरायला लागलं. वाटेवर आलं, गवतात फाकलं, एका बाजूला डबकं धरायला लागलं. आणि बेवारशी पसरणारं पाणी बघायची त्या डोळ्यांना सवय नव्हती. आठ वर्षांची असल्यापासनं ती बापाबरोबर पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला जायची. कालव्याची पाळी आली की बाप एका टोकाला आणि ही दुसऱ्या टोकाला, हातात चिखलाचं ढेकूळ घेऊन. सरी भरली की तिचं दार बुजवायचं, पुढच्या सरीचं उघडायचं. शेजारच्या शेतवाल्याशी बापाचं बारा वर्षांचं वाकडं. एकदा त्याचा बांध फुटला आणि पाणी ओढ्याला चाललं. बापानं धोतर खोचलं आणि जाऊन तो बांध घातला. घरी येताना पोरीनं विचारलं, तर म्हणाला, "भांडान मानसाशी हाय, इमले. पान्याशी न्हाई."

पाणी घाटाच्या दगडापासून वीस हातांवर आलं होतं. त्या दगडावर गावच्या बाया तांदूळ धुवायच्या. विमलही धुवायची.

"आग लागली ह्या हातांना," ती म्हणाली आणि खाली बसली. मातीचं मोठं ढेकूळ उचललं, वाहत्या तोंडात दाबलं, पायानं घट्ट केलं. पाणी अडलं, फुगलं आणि वाट शोधायला लागलं. तिनं कुदळीनं वाट दिली. बांबूच्या बेटापलीकडे बाबूंचं एक पडीक वाफ्याचं रान होतं. कधीकाळी बाबूंची बायको तिथं वांगी करायची म्हणे. बाई गेली आणि जमीन तडकून पडली. बादल्या ओतून ओतून विमलला त्या जमिनीची भूक माहीत झाली होती. कितीही ओता, घटकेत गडप.

जमीन तिकडची सपाट. उतार डोळ्याला दिसत नाही. विमल थोडं खणायची, पाण्याला हात हात पुढे येऊ द्यायची, ते कुठं कलतंय बघायची आणि तिकडे वळायची. खुळखुळत आलं तर उतार जास्त, थांबलं तर कमी. वाटेत तिच्याच मागच्या दारावरून पाट गेला. मग तिनं फरशीपासून एक आडवी सरी काढून तीही त्यात सोडली. विटांचे तुकडे आणून वळणावर लावले. बेटामागं तीन वाफे बांधले, एक भरला की दुसऱ्याचं दार उघडायचं असे. तिसऱ्या वाफ्यात पाणी शिरलं तेव्हा ऊन चिंचेच्या शेंड्यावर गेलं होतं.

ती कंबर धरून उभी राहिली आणि मग तिच्या ध्यानात आलं, की करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. शेजारणीचं घर बुडवायला निघाली होती, आणि तिचा वर्षभराचा तुंबलेला खड्डा फुकट उपसून दिला. वर पाट काढून दिला. हातांना फोड आले ते वेगळंच. विमलला इतका राग आला, की तिनं चूल पेटवताना फुंकणीच आपटली.

"काय झालं?" श्यामरावांनी आल्या आल्या विचारलं.

"काय न्हाई. कुनाची म्हैस आन् कुनाला उठबैस," ती म्हणाली. आणि जेवून भिंतीकडं तोंड करून निजली. त्या दिवशी पलीकडचा बंब पेटला नव्हता. भिंत गार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबू आले. कुणीतरी त्यांना सांगितलं असावं. पाटाच्या कडेनं काठी टेकत बांबूच्या बेटापर्यंत गेले, वाफे बघितले, वाकून मातीला हात लावला. परत आले ते हसतमुखानं, आणि थेट पूर्वेच्या दाराशी. विमल दाराआडून बघत होती. बाबू वृंदावहिनींशी बोलत होते. "भालो, खूब भालो," एवढं तिला कळलं. ते "बौमा, बौमा" करत वहिनींना हात जोडत होते. सून म्हणत होते.

आता हद्द झाली. खड्डा तिचा, राख तिची, वास तिचा, आणि शाबासकीही तिचीच. विमलच्या डोळ्यांत पाणी आलं. वृंदावहिनी काहीतरी बोलल्या, दोन बोटं वर केली, एक आपल्या दाराकडे, एक विमलच्या दाराकडे. बाबू वळले, विमलच्या बंद दाराला नमस्कार केला आणि गेले.

विमल तशीच बाहेर आली.

"काय सांगितलंत त्यास्नी?"

वृंदावहिनी दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. "सांगितलं, की आम्ही दोघींनी मिळून केलं. बाबू म्हणाले, आता घराची काळजी करू नका. दोघींनीही. वाफे हवं तर तुम्हीच लावा म्हणाले."

"दोघींनी?" विमलचा आवाज चढला. "तुमचा कोंचा हात लागला त्याला? दावा बघू फोड. माजं बघा." तिनं दोन्ही हात पुढं केले. "कालपातूर माजं पानी घाण हुतं. आज पाट झाला तर दोघींचा व्हय?"

वहिनींनी ते हात पाहिले. मग उंबऱ्यावरच बसल्या.

"बाबू आले होते ना त्या दिवशी, तेव्हा वास माझ्या खड्ड्याचा होता," त्या म्हणाल्या. "मला ठाऊक होतं. दोन महिने तुंबला होता. पहाटे उठून मी बादल्यांनी उपसत होते, कुणाला दिसू नये म्हणून. बाबूंनी विचारलं तेव्हा माझा हात तुमच्या फरशीकडे गेला. मी नेला. बागबाजारची आमची खोली दिरांनी घेतली, विमलताई. इथनं निघालो तर आम्हाला जागा नाही. काल बारशाला गेले तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, आलीस ती जेवून जा, राहायचं मात्र बोलू नकोस."

विमल उभीच राहिली. वर्षभर जिच्या सुखावर ती जळत होती ती बाई पहाटे अंधारात बादल्या वाहत होती, आणि हिला भिंतीच्या उबेपलीकडचं काही कळलं नव्हतं. तिला कीव यायला हवी होती. थोडी आलीही. पण राग काही लगेच जागा सोडत नाही.

"आन् मला म्हनायचं हुतंत की," ती म्हणाली. "खड्डा तुंबला म्हून."

"तुम्ही आधीच नाक मुरडून तो सोडला होतात. तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगू? तुम्ही म्हणाला असता, मला आधीच कळलं होतं."

"म्हनलेच असते," विमल म्हणाली.

पाटातनं पाणी हळू जात होतं. विमल वहिनींच्या शेजारी, जरा अंतर ठेवून बसली.

"म्या बी तुमच्या भल्यापायी न्हाई केलं," ती पाण्याकडं बघत म्हणाली. "तुमचं पानी घाटावर सोडाया गेली हुती. बाबूला दिसावं म्हून. ह्या हातांनी ऐन वक्ताला दगा दिला."

वृंदावहिनींनी मान हलवली. "फुटलेली कड पुकुराच्या बाजूची आहे. मी काल संध्याकाळीच पाहिलं."

"आन् तरी बी दोघींनी म्हनालात?"

"मग काय म्हणू? एकीनं बोट दाखवलं आणि एकीनं कड फोडली, असं बंगालीत सांगू?"

विमलला हसू आलं, ते तिनं पदरात दाबलं. मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "ह्ये बघा वैनी. आजपास्नं राख मोरीत टाकायची न्हाई. माज्या उकिरड्यात टाका. वाफ्याला हुईल."

"बरं."

"आन् वाफे म्या लावनार. तुमी पानं मागून न्यायची."

वहिनींच्या ओठांचा कोपरा हलला. "बरं. आणखी?"

हे मागायचं तिनं ठरवलं नव्हतं, ते आपसूक तोंडातनं आलं. "संक्रांतीला बंबाचं पयलं पानी माजं."

वृंदावहिनींना हे जड गेलं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. तो बंब त्यांच्या आईनं दिलेला. घरातल्या बाईनं सणाला पहिलं न्हायचं, अशी त्यांच्याकडे रीत. त्यांनी एकदा मोरीकडे पाहिलं, एकदा पाटाकडे.

"तुमचं," त्या म्हणाल्या.

संक्रांतीला धुकं इतकं होतं, की पुकुराचा पलीकडचा काठ दिसत नव्हता. घाटावर बाबूंच्या लेकीच्या सासरची मंडळी कुडकुडत बुड्या मारत होती आणि पाण्याला कसलाही वास नव्हता. विमल अंगाला तीळ वाटून लावून, काखेत लुगडं घेऊन, पूर्वेच्या मोरीत शिरली. बंब घुमत होता. तांबं चिंच लावून लख्ख केलेलं. तिनं बंबाची तोटी फिरवली आणि वाफाळलेलं पाणी बादलीत पडलं. एक तांब्या खांद्यावर घेतला, दुसरा पाठीवर. सव्वा वर्ष भिंतीतनं गाळून मिळत होतं ते आता धारेनं अंगावर येत होतं. ती बादलीवर बादली घेत राहिली. बाहेर वृंदावहिनी परकरावर टॉवेल गुंडाळून दातावर दात वाजवत उभ्या होत्या.

"विमलताई, उरलंय का काही?"

"हाय की थोडं," आतून आवाज आला.

घरी आली तेव्हा तिच्या अंगातनं वाफा निघत होत्या. श्यामराव तिळाचा लाडू हातात घेऊन बघतच राहिले.

"मग? कसं काय हाय बंबाचं पानी?"

विमलनं केस झटकले. "काय न्हाई वं. उगं गाजावाजा. धुराचा वास मारतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी श्यामराव चहा घेऊन भिंतीला टेकले. भिंत नुकतीच कोमट व्हायला लागली होती. शेजारची विमलची जागा मोकळी होती, आणि घरातली बादलीही जाग्यावर नव्हती.